कर्ज निल करायची घाई

हल्ली ऑफिसात कुणी पेढे घेऊन आलं की आधी वयाचा अंदाज घ्यावा. पंचविशीतला असेल तर परदेशी चाललाय, तिशीतला असेल तर मूल झालंय, आणि पंचेचाळिशीच्या पुढचा असेल तर गृहकर्ज निल झालंय. या तिसऱ्या पेढ्याबरोबर आकडेही गिळावे लागतात. वीस वर्षांचं होतं, अकरा वर्षांत उडवलं. बोनस आला की भरला. गाडी बदलली नाही, सिंगापूरला गेलो नाही. ऐकणारे माना डोलावतात आणि मनातल्या मनात आपलं शिल्लक मुद्दल आठवून बघतात.

त्या अकरा वर्षांत घरातल्या म्हाताऱ्यांचं कोण बघत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. पेढे वाटणारा पुरुष असेल तर त्याचं उत्तर ऑफिसात नसतंच. ते घरी असतं, आणि बरेचदा नोकरी सोडून घरी असतं.

हिशोब खोटा नाही, हे आधीच सांगून टाकते. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षं मुदत. हप्ता बसतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ७,९७४ रुपयांनी. वीस वर्षांत एकूण भरायचे १ कोटी ४ लाख. पहिलं वर्ष संपताना एक लाख जादा भरले तर शेवटचे अकरा हप्ते गळून पडतात. पावणेचार लाखांच्या आसपास व्याज वाचतं. तेच लाख पंधरा वर्षांनी भरले तर गळतात जेमतेम साडेतीन हप्ते. म्हणजे खिशात दमडी नसते तेव्हा भरण्यात फायदा, आणि चार पैसे जमतात तेव्हा त्यांचं वजन गेलेलं. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरा, साडेतीन वर्षं आधी सुटाल, असं सगळे सांगतात. तेही बरोबर आहे. जादा रक्कम भरताना बँक विचारते, हप्ता कमी करू की मुदत? मुदत म्हणायचं आणि ते लेखी घ्यायचं.

भरायला आता कुणाची आडकाठीही नाही. रिझर्व्ह बँकेनं जून २०१२ मध्येच बदलत्या दराच्या गृहकर्जांवरचा मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना बंद करायला लावला. बँक अडवत नाही. अडवते ती बाथरूममधली ओली फरशी.

शिवाय मुदत आपल्या हातात असते, हाही एक गोड गैरसमज. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी कर्ज घेतलेल्यांना विचारा. ५० लाखांना ३८,०१८ रुपये हप्ता बसला म्हणून ते खुशीत होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि त्यामागोमाग त्यांचं कर्ज सव्वानऊवर. हप्ता तोच ठेवायचा म्हटलं तर त्यातले ३७ हजार नुसतं व्याज, आणि मुदत विसाच्या दुपटीपलीकडे. चाळिशीत कर्ज काढलेल्यानं ऐंशी उलटल्यावर शेवटचा हप्ता भरायचा. सांभाळणारा आणि सांभाळायचा म्हातारा एकच, तेवढी जागेची बचत. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निदान कर्जदाराला विचारा. तोवर आम्हाला न विचारता आमचं आयुर्मान वाढवण्याचं काम बँका करत होत्या.

आमच्या सासऱ्यांना हे सगळंच अगम्य वाटतं. त्यांच्या पिढीनं नोकरीभर दोन खोल्यांत दिवस काढले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी फंड, ग्रॅच्युइटी एकत्र करून घर घेतलं. आम्ही तिशीत घराचे मालक झालो आणि अठ्ठावन्नापर्यंत भाडं भरतोय, फक्त ते बँकेला. ‘कर्ज हे काय पाळायचं असतं?’ असं बाबा विचारतात. मागच्या दिवाळीत त्यांनी पोस्टाचं पासबुक आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलेलं, वर रबरबँडचे दोन वेढे. ‘हे मोडा आणि तुमचं ते एकदाचं संपवा,’ म्हणाले. सासूबाई वाटाणे सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालं होतं.

नवऱ्याचे डोळे क्षणभर चमकले, ते मी पाहिलं. मग आम्ही हिशोबाला बसलो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के देते, ३० लाखांपर्यंत, आणि व्याज दर तिमाहीला खात्यावर. दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी मोडली तर मुद्दलातून एक टक्का कापतात. त्याच्या आधी मोडली तर याहून जास्त. इकडे २०२५ मध्ये रेपो उतरत उतरत सव्वापाचवर आला आणि बऱ्याच गृहकर्जांचा दर आठाच्या खाली गेला. सासरा सरकारकडून ८.२ घेतोय आणि सून बँकेला पावणेआठ देतेय. अशा घरानं सासऱ्याचे पैसे मोडायचे, म्हणजे दंड भरून तोटा विकत घ्यायचा. (बाबांना त्या व्याजावर कर बसत नाही, ज्यांना बसतो त्यांनी आपला हिशोब आपण करावा.)

पण खरं कारण टक्क्यांत नव्हतंच. त्या तिमाही व्याजातून बाबा स्वतःच्या बीपीच्या गोळ्या आणतात, पेपरवाल्याचं बिल देतात, नातीला कुल्फी देतात आणि ‘आईला सांगू नकोस’ म्हणतात. पासबुक मोडलं की गोळ्यांचे पैसेही सुनेकडे मागायचे. मागणारे ते नव्हेत. गोळी बंद करणारे आहेत. मग त्या गोळीचं जे बिल येईल ते कुठल्या कॅल्क्युलेटरवर मांडायचं? मी पासबुक पिशवीत घातलं. रबरबँड त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः लावला, कारण माझे वेढे त्यांना ढिले वाटले.

आता मुद्द्यावर येते. आम्ही कर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा माझ्या पगाराचं जे कौतुक झालं, ते माहेरीही कधी झालं नव्हतं. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात वन बीएचके बसत होता. माझा धरला तर टू. बाईचं नाव पहिलं घातलं तर व्याजात चिमूटभर सवलत. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारनंही घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट देऊ केली. घर घेताना बाईला एवढा भाव, की मुंजीतल्या आत्याला नसेल.

आणि सासूबाई बाथरूमच्या त्या ओल्या फरशीवर घसरून खुबा मोडून बसल्या, तेव्हा त्याच पगाराची एका रात्रीत पत उतरली. नाशिकहून आत्याबाईंचा फोन आला. ‘सांभाळायला ठेवलेल्या मावशीला महिना बावीस हजार मोजण्यापेक्षा तूच राहा की गं घरी वर्षभर. तेवढेच कर्जात जातील.’ आत्याबाई वाईट नाहीत. त्यांच्या घरी हे असंच झालेलं आहे, आणि ज्या सुनेच्या बाबतीत झालं तिला कुणी विचारलेलं नाही.

आत्याबाईंचं गणित नीट मांडू. समजा, बाईच्या हातात येणारा पगार साठ हजार. ब्यूरोची चोवीस तासांची मावशी बावीस. बाई घरी बसली तर बावीस वाचले आणि साठ गेले. दरमहा अडतीस हजारांचा खड्डा. हा खड्डा पडतो कुठे? नवऱ्याच्या पगारात नाही, कारण तो हप्ता, किराणा आणि शाळेच्या फीमध्ये वीस तारखेलाच संपलेला असतो. जादा हप्ता जो काही जात होता तो बाईच्या पगारातून. म्हणजे कर्ज लवकर फिटावं म्हणून कर्ज फेडणारा पगारच बंद करायचा. शिवाय फंड थांबला, बढती गेली. दोन वर्षांनी पुन्हा नोकरी मागायला जावं तर समोर बसलेली पंचविशीची मुलगी गोड आवाजात विचारते, ‘मधल्या काळात काय केलंत, मॅम?’ कर्ज फेडत होते, सांगावं का?

म्हणून घरच्या वहीत मावशीचा पगार मी ‘औषधपाणी’ या सदराखाली लिहायचं बंद केलं. तो ‘गृहकर्ज’ खाली लिहिते, हप्त्याच्या लगेच खालच्या ओळीत. नवऱ्यानं आधी भुवया वर केल्या, मग वही वाचली, मग काही बोलला नाही. मुदतीआधी कर्ज फिटणाऱ्या प्रत्येक घरात कुणीतरी पगार घेऊन राबत असतं, नाहीतर कुणीतरी फुकट राबत असतं. पेढे दुसऱ्या प्रकारच्या घरांतून जास्त येतात, असा माझा संशय आहे.

सरकारचं म्हणाल तर केंद्राच्या नोकरीतल्या बाईला मुलांच्या संगोपनासाठी उभ्या नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते. ती हवीच होती. आईबापांच्या संगोपनाला तशी वेगळी रजा नाही. आपली अर्जित रजा असते, ती घ्या. आसामनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना आईवडील किंवा सासूसासऱ्यांबरोबर राहायला दोन दिवसांची खास रजा दिली. त्याच आसामनं २०१७ मध्ये कायदा केलाय, की आईबापांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कापून परस्पर त्यांना द्यायचे. दोन दिवस प्रेम, बाकी दिवस कपात. देशभराचा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यात न्यायाधिकरण मुलांना जास्तीत जास्त महिना दहा हजार द्यायला लावू शकतं. दहा हजारांत आमच्या ठाण्यात बारा तासांची मावशीही पूर्ण महिना येत नाही. कायद्याला म्हातारे आठवतात ते मुलांना दटावण्यापुरते. जी मुलं दटावल्याशिवाय करताहेत, त्यांनी ते कुठल्या वेळात करावं, हे कलम अजून कुणी लिहिलेलं नाही.

ऑफिसही तसं समजूतदार आहे. परवा घरून मीटिंग चालू होती. तिमाहीचे आकडे पडद्यावर, बेंगळुरूचे साहेब गंभीर. तेवढ्यात सासूबाई वॉकर ढकलत थेट कॅमेऱ्यात आल्या आणि हातातली पाकिटं नाचवत म्हणाल्या, ‘अगं, ही गुलाबी जेवणाआधीची की नंतरची?’ मी म्यूटचं बटण शोधतेय, तर पलीकडून साहेब मराठीत म्हणाले, ‘उपाशीपोटी, काकू. माझ्या वडिलांना तीच आहे.’ साहेब मूळ बेळगावचे निघाले. मग दोन-तीन मिनिटं अख्ख्या टीमनं आपापल्या घरच्या गोळ्यांची उजळणी केली. त्या मीटिंगच्या टिपणात यातलं काही आलं नाही. त्याच आठवड्यात ‘आठवड्यातून चार दिवस ऑफिसात या’ हा मेल मात्र आला, साहेबांच्याच सहीचा.

आता पैशांचा एक व्यवहारी मुद्दा, जो पेढेवाले सांगत नाहीत. कर्जखात्यात घातलेला पैसा सहजासहजी परत येत नाही. पुरात गाळात रुतलेली बैलगाडी परवडली, ती चार माणसं लावून निघते तरी. रात्री दोनला हॉस्पिटलच्या काउंटरवर ‘आधी डिपॉझिट भरा, कॅशलेसचं सकाळी बघू’ असं सांगतात, तेव्हा तुम्ही यंदा मुद्दलात किती लाख भरले याची पावती दाखवून भागत नाही. कॅशलेस झालंच तरी पॉलिसी पैसे देते ते खाटेचे आणि शस्त्रक्रियेचे. घरी आणल्यावर जी खरी परीक्षा सुरू होते, म्हणजे भाड्याचा पलंग, डायपर आणि मावशी, त्याचं नाव विम्याच्या कागदावर सहसा सापडत नाही. म्हणून घरात ऐंशीच्या घरातली माणसं असतील तर बोनस सगळाच्या सगळा बँकेच्या घशात घालू नये, असं माझं मत. ओव्हरड्राफ्ट जोडलेलं गृहकर्ज मिळतं. त्यात जादा पैसे ठेवले तर तेवढ्यावरचं व्याज वाचतं आणि अडीनडीला काढताही येतात. दर थोडा जास्त असतो. पण रात्री दोन वाजता तो थोडा जास्त फार स्वस्त वाटतो.

आणि ज्यांचं खरंच निल होईल त्यांनी पेढ्याआधी कागद ताब्यात घ्यावेत. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ दस्त परत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. सोसायटीच्या दप्तरी बँकेचा बोजा नोंदवलेला असेल तर तोही उतरवून घ्या. सेक्रेटरी गावाला गेलेले असतील, ते सांगायला नकोच.

राहता राहिल्या मावशी. आमच्या बावीस हजारांतले ब्यूरो आपला हिस्सा कापतं, उरलेले त्यांच्या हातात. घर वांगणीला. तिथे त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं बघायला त्यांची मुलगी बारावीनंतर घरी थांबली आहे. बिनपगारी. म्हणजे मी वहीत ओळ बदलली, पण फुकट राबणारं माणूस नाहीसं झालं नाही. ते फक्त मध्य रेल्वेनं तासभर पुढे सरकलं.

मावशींवरही घराचंच कर्ज आहे. पत्रे काढून स्लॅब टाकला त्याचं, गटातून घेतलेलं. हप्ता दर आठवड्याला, दर वीस टक्क्यांच्या वर. मी पावणेआठ टक्क्यांसाठी रात्री एक्सेल उघडून बसते, त्या वीसच्या वरचा हिशोब बोटांच्या पेरांवर करतात आणि चुकत नाहीत. २०२२ च्या नियमांनी अशा सूक्ष्म कर्जांनाही मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. गटातल्या बाया अशा गोष्टी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा लवकर शोधून काढतात.

मग एका संध्याकाळी, सासूबाईंना पावडर लावता लावता त्यांनी विषय काढला. ‘ताई, मला बारा हजार उचल द्या. गटाचं निल करून टाकते. महिन्याला दोन हजार कापत जा.’ त्या महिन्याचा जादा हप्ता बँकेला जायचा होता, तो राहिला. मी हो म्हटलं आणि मोबाइल उचलला. पण मावशी पावडरचा डबा हातात घेऊन तिथेच उभ्या.

‘व्याज काय लावणार ते आत्ताच सांगा,’ म्हणाल्या. ‘मागाहून वाढवायचं नाही.’